अपडेटनं मारलेले नाना

"जित्या माणसाच्या दारात गळा काढतेस अक्का? काही लाज?"

"मला लाज विचारतेस? तूच तर बोलावलंस!"

"मी बोलावलं? सकाळी टोमणा पाठवलास आणि दुपारी रडायला हजर! बठ्ठी गल्ली गोळा केलीस, एक घर सोडलं नाहीस!"

"कसला टोमणा? कोणी पाठवला टोमणा?"

आम्ही दोघी बहिणी अशा भिडलेल्या आणि आमच्या मधे बनियन-लुंगीवर, हातात अर्धं सोललेलं केळ धरून नाना उभे. माझ्या या बहिणीचे, विमलचे, यजमान. ज्यांच्या नावानं मी धुळ्याच्या त्या गल्लीच्या तोंडापासून हंबरडा फोडत आले होते, तेच नाना. बिचारे एकसारखे म्हणत होते, "अक्का, मी जित्ता शे ना. हात लाई देख!"

थांबा. असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला वाटेल म्हातारीचं डोकं फिरलं. मुळापासून सांगते. हसायचं तर हसा, पण मधे बोलू नका.

मी शाळेची पायरी चढलेली नाही. नशिराबादच्या स्टँडवर भाजी विकता विकता एसटीच्या पाट्या बघून अक्षरं शिकले. जळगाव, भुसावळ, बोदवड. आधी गाडी ओळखायची, मग अक्षर. त्यामुळे माझा फोन माझा मी चालवते. सुनेला हात लावू देत नाही. ती पदवीधर आहे, आणि तिला अजून तिच्या फोनचा आवाज कमी करता येत नाही.

तर त्या फोनवर रोज एक चौकोन यायचा. नवीन अपडेट आहे, करा. सून म्हणाली, "आई, नका करू. माझा केला तर तीन ठिकाणी दाबावं लागतं तेव्हा एक फोन उचलला जातो." मी म्हटलं, तुझ्यासारखी मी घाबरते का? दाबलं.

काय सांगू! सकाळी उठून बघते तर फोन ओळखू येईना. आपल्या घरात कोणीतरी भांडी हलवून ठेवावी, तसं. हिरवं होतं ते निळं झालं. खाली होतं ते वर गेलं. मी मोठी करून घेतलेली अक्षरं मुंगीएवढी झाली. बॅटरी आपोआप पेटायची, तीही भर उन्हात, म्हणजे कंदील घेऊन फिरणारी मी एकटीच. आणि चार्जिंग? वाटीत पाणी ओतावं आणि वाटीला भोक असावं!

जळगावला दुकानात नेला. दुकानदार मान वर न करता म्हणाला, "आजी, कंपनीचा बग आहे. पुढच्या अपडेटमध्ये ठीक होईल."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत चालवून घ्या."

माणसानं बिघडवायचं आणि बाईनं चालवून घ्यायचं, हे मी लग्नानंतर शिकले होते. फोनसाठी पुन्हा शिकले.

आता विमलचं सांगते. ती माझी पाठची. पण वर्षभर आमचं बोलणं बंद होतं. कारण माझे यजमान गेले तेव्हा ती आली नाही. जवळचे आले, लांबचे आले, ज्यांच्याशी कोर्टात केस चालू आहे तेसुद्धा आले. सख्खी बहीण नाही. मी तिला कळवलं होतं, माझ्या हातानं. जळगावच्या दवाखान्यात, बाहेरच्या बाकावर बसून. माझ्या आयुष्यातला पहिला लिहिलेला निरोप तो. मुलाला ठणकावून सांगितलं होतं, विमलला फोन करायचा नाही, तिला मी कळवलंय.

आणि मी रडले नाही. आमच्यात पाठची बहीण येते, गळ्यात पडते, तेव्हा बांध फुटतो. मी तिची वाट बघत कोरडी बसून राहिले. बायका कुजबुजल्या, दगड आहे बाई. दहावं झालं, तेरावं झालं, विमल आली नाही आणि रडणंही आलं नाही. मग मीही गाठ मारली. मेली ती माझ्यासाठी!

तर त्या सकाळी फोन वाजला. बघते तर वर नाव 'विमल धुळे' आणि खाली चार शब्द.

हे. गेले. लवकर. ये.

आमच्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. 'हे' म्हणजे कोण, ते विचारावं लागत नाही. नाना गेले!

तरी मी शहाणी. खात्री करायला फोन लावला. उचलला. मी म्हटलं, "विमल?" तिकडून शब्द नाही. नुसती घरघर, आणि मधेच हुंदक्यासारखं काहीतरी तुटक. मी ओरडले, "विमल, मी निघाले गं!" कट.

वर्षाचा राग? तो उंबऱ्यातच राहिला. मरणाला राग चालत नाही. तिनं चूक केली म्हणून मीही करू? पिशवीत लुगडं टाकलं, सुनेला ओरडून सांगितलं आणि एसटीत बसले. एरंडोल, पारोळा, सगळा रस्ता फोन हातात. तो मधूनच स्वतःची बॅटरी पेटवून माझ्या तोंडावर उजेड पाडायचा. पारोळ्याला तर मेलाच.

आमच्याकडे दारावर जाण्याची रीत अशी, की रडणं दारात सुरू करायचं नाही. गल्लीच्या कोपऱ्यापासून सूर लावायचा, म्हणजे घरातल्या बाईला कळतं, आपलं माणूस आलं. मी कोपऱ्यावर पदर डोक्यावर घेतला आणि लावला सूर.

"कसे वो सोडून गेलेऽऽ! आता पहाटचा चहा मी कोणाला देऊ वोऽऽ! बशीत ओतून कोण पिईल वोऽऽ!"

आणि काय सांगू, आलं की रडणं! असं आलं की मला थांबवता येईना. ओट्यावरच्या बायका उठल्या. दोघी-तिघी माझ्यामागून चालू लागल्या. एक म्हातारी तर न विचारताच माझ्या सुरात सूर मिसळून रडायला लागली. दारात पोचले तोवर मिरवणूक झाली होती.

आणि दार उघडलं नानांनी. केळ खात.

मागची म्हातारी किंचाळून ओट्यावरच बसली. मी हंबरड्याचा 'वोऽऽ' तसाच तोंडात धरून उभी.

नाना म्हणाले, "अक्का? कोण गेलं वं?"

"तुम्ही!" मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

मग विमल बाहेर आली आणि जे सुरू झालं ते तुम्ही आधीच ऐकलंत.

"माझा कुंकवाचा धनी उभा आहे आणि तू दारात अपशकुन करतेस! वर्ष झालं, सूड उगवायला आलीस?"

"सूड मी? बहिणीचा नवरा गेला तर तोंड दाखवलं नाहीस तू!"

"निरोपच आला नाही मला! चार दिवसांनी दुसऱ्याच्या तोंडून कळलं. मी म्हटलं, अक्काला मी नको आहे."

"मरणाला आमंत्रण लागतं का गं?"

"आमंत्रण नाही लागत. निरोप लागतो!"

नाना मधे पडले. "अक्का, एक बोलू? तुम्ही रडलात ते बरं वाटलं. पण मी चहा पीत नाही. उभ्या जन्मात प्यायलो नाही."

"रडण्यात असं तोलूनमापून असतं का?" मी त्यांच्यावर खेकसले. जिवंत निघाले ते निघाले, वर चुका काढतात!

"आणि फोन?" मी विमलकडे वळले. "सकाळी फोन उचलून मुकी का बसलीस?"

"मुकी मी? तू फोन केलास आणि एक शब्द बोलली नाहीस! मी हॅलो हॅलो करून घसा फोडला."

"आणि लिहिलंस ते?"

"काय लिहिलं?"

"'हे गेले, लवकर ये' असं लिहिलंस ना?"

विमल सावकाश म्हणाली, "अक्का, मला लिहिता कुठे येतं?"

खरंच की हो. विमलला अक्षर येत नाही. ती फोनमध्ये बोलून निरोप पाठवते. आणि हे मला माहीत नाही? मीच तर तिला लहानपणापासून चिडवते!

नानांनी तिचा फोन आणला. चष्मा लावला आणि वाचलं, "हे. गेले. लवकर. ये. आज सकाळचा आहे. अक्का, हा तुमच्याकडून आलाय. ही म्हणाली, वर्ष झालं तरी टोमणे मारते."

प्रत्येक शब्दापुढे टिंब. असं टिंब देणारी या जगात एकच बाई आहे. कोणी शिकवलं नाही, म्हणून मी माझी शिकले तशी ती रीत.

तो माझाच निरोप होता. दवाखान्याच्या बाकावरचा, नाना तिला वाचून दाखवतील म्हणून लिहिलेला. पाठवला तेव्हा त्याच्या शेजारी छोटं घड्याळ दिसत होतं. मला वाटलं, वेळ दाखवतंय. तो गेलाच नव्हता. वर्षभर फोनच्या पोटात अडकून होता. अपडेटनं ढवळलं आणि आज बाहेर पडला, आजची तारीख लावून. आणि माझं कोणतं, समोरच्याचं कोणतं, ते रंगही त्यानंच पुसले होते. माझंच अक्षर मला ओळखू आलं नाही. दुकानदाराला नंतर विचारलं तर म्हणतो कसा, "आजी, असं होऊच शकत नाही."

पण त्या वेळी दारात मी हार मानली का? छे! मी म्हटलं, "चूक फोनची आहे. माझी नाही. मी नानांसाठी आले, नानांसाठी रडले, माझं कर्तव्य केलं. आता निघते."

पिशवी उचलली. विमलनं तिचा बंद धरला. तिचा आवाज पार खाली आला होता.

"हे कुठे चहा पितात, अक्का? बशीत ओतून तर दाजी प्यायचे."