वहिनीने बांधावर जोडलेली चेन

त्या रविवारी सकाळी आम्ही करावे गावाच्या मागे, खाडीच्या बांधावर होतो... मी, माझी वहिनी आणि तिची चार चाकांची बाईक. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. आमच्या नेरूळच्या सोसायटीत अशा गाडीला एटीव्ही म्हणतात, हेसुद्धा कुणाला माहीत नव्हतं.

दादा मस्कतला नोकरीला. तिथे वाळूत पळवायला घेतलेली ती स्पोर्ट एटीव्ही त्याने एका सुट्टीत कंटेनरमधून न्हावा शेवा बंदरात उतरवली, हौस भागेपर्यंत पळवली आणि परत गेला. रस्त्यावर चालवायची परवानगी नव्हती, म्हणून ती करावे गावात ओळखीच्या एका घराच्या पडवीत असायची.

सगळ्यांना वाटलं, आता ती गंजणार. वहिनी शाळेत भूगोल शिकवायची, तिला कुठला वेळ... पण तिने गाडीबरोबर आलेलं मॅन्युअल वाचून काढलं आणि बाह्या सरसावल्या.

खाडीचा चिखल म्हणजे निव्वळ मीठ. एक फेरी झाली आणि तशीच ठेवली, की चेनवर तांबूस थर आलाच म्हणून समजा. वहिनी प्रत्येक वेळी रॉकेल आणि मऊ ब्रशने चेन साफ करायची, कोरडी पुसायची, मग एकेका कडीला तेल द्यायची. मी एकदा पेट्रोल पुढे केलं तर म्हणाली, "नको रे, आतल्या रबरी रिंगा खराब होतात."

मग मागची चाकं विटांवर उचलून हाताने हलवून बघायची. जरा खडखड जाणवली, की बेअरिंग बदलायची वेळ झाली. चेन ज्या दातेरी चक्रांवर फिरते, त्या स्प्रॉकेटचे दात झिजून टोकदार झाले, तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदलायची... नवी चेन जुन्या दातांवर टिकत नाही म्हणे. आई हसायची, "अगं, बाळाला लावतात तसं तेल लावतेस!"

तर त्या सकाळी आम्ही नुकतेच बांधावर पोचलो होतो, तेवढ्यात समोरून एक बाई धावत आल्या. गावातल्या हिराबाय. पदर सुटलेला, धाप लागलेली.

"गो बाय, माज्या घरवाल्याला पान लागलं! तलावावर परलाय..."

पान लागलं म्हणजे साप चावला. त्यांचे यजमान धर्मानाना बांधाच्या पार दुसऱ्या टोकाला, मासळीच्या तळ्यापाशी होते. त्या अरुंद बांधावर रिक्षा, टेम्पो काहीच येण्यासारखं नव्हतं.

वहिनीने एवढंच म्हटलं, "तुम्ही गावात पळा, गाडी तयार ठेवा. आम्ही त्यांना आणतो."

आम्ही तळ्यापाशी पोचलो तेव्हा नाना शुद्धीत होते. "नाग व्हता," म्हणाले. आम्ही त्यांना उचलून मधे बसवलं, मी सीटमागच्या आडव्या पाइपवर कसाबसा टेकलो आणि दोन्ही हातांनी त्यांना धरलं. एका माणसासाठी बनवलेली गाडी तिघांना घेऊन निघाली.

निम्मा बांध पार झाला असेल... खाडकन आवाज आला. इंजिन नुसतंच ओरडायला लागलं, चाकं थांबली. चेन मागे चिखलात पडली होती. एखादा दगड उडून चेनची दोन टोकं जोडणाऱ्या जोडकडीच्या क्लिपवर बसला असावा... क्लिप गायब, कडीही गायब.

मी नानांकडे बघितलं. त्यांच्या पापण्या मिटायला लागल्या होत्या, बोलणं जड झालं होतं. "वहिनी, खांद्यावर घेतो त्यांना."

"तुला झेपणार नाही एवढं लांब. त्यांना धरून बस, बोलतं ठेव. माझ्याकडे बघू नकोस."

सीटखालच्या पिशवीत पक्कड आणि जास्तीची जोडकडी होती. तिने आमचं प्यायचं पाणी चेनवर ओतलं, चेन पुढच्या स्प्रॉकेटवरून फिरवली आणि दोन्ही टोकं मागच्या स्प्रॉकेटच्या दातांवर शेजारी शेजारी आणली. दातांनी ती धरून ठेवली. मग कडी आत सरकवली, वर पट्टी... आणि क्लिप तिच्या बोटांतून निसटली.

चिखलात नखाएवढी क्लिप! वहिनी ओरडली नाही, रडली नाही. गुडघे टेकून तिने चिखल चाचपला, क्लिप काढली, ओढणीला पुसली. "बंद बाजू पुढे, चेन फिरते तिकडे," असं स्वतःशीच पुटपुटली आणि पक्कड दाबली. टक!

"नाना, जिताडा कसा पकडतात, सांगा ना मला," असं काहीतरी मी बडबडत होतो. नाना काहीतरी सांगतही होते... शब्द कळत नव्हते, पण आवाज येत होता.

पुढे वहिनीने घाई केली नाही. एका चालीत, झटका न देता तिने गाडी गावापर्यंत नेली. तिथे टेम्पो तयार होता. हॉस्पिटलात नानांना लगेच आत घेतलं, श्वासाच्या मशीनवर ठेवलं.

बाहेरच्या बाकावर बसल्यावर वहिनी ग्रीसने माखलेले आपले हात बघत राहिली. हिराबाय शेजारी बसल्या, तिचे काळे हात मांडीवर घेतले आणि पदराने पुसायला लागल्या. ग्रीस काही निघेना.

"लुगडं खराब होईल हो," वहिनी म्हणाली.

"होऊं दे गो. मना पुसू दे."

काही दिवसांनी नाना स्वतःच्या पायांनी घरी आले.

एटीव्ही केव्हाच विकली, वहिनी आता रिटायर झाली. पण कुणी धाडस म्हटलं, की मला वेगात पळणारं काही आठवत नाही. मला आठवतं... शेजारी माणूस हातातून निसटत असताना, श्वास रोखून एवढीशी क्लिप बरोबर बाजूने बसवणारी तिची दोन बोटं. त्या बोटांपाशी मला बसता आलं, हे माझं भाग्य.