बाग समितीतली आक्का

आमची आक्का चिंचवडच्या वेशीत नुसती खाकरली, की पिंपरीच्या कारखान्यात माणसं शिफ्ट बदलायची. त्यांना वाटायचं भोंगा झाला. ती गेली आणि गावातून तसा आवाजही गेला. माझ्या सांगण्यातलं निम्मं सोडून द्या. उरलेलं निम्मंही एका बाईला पुष्कळ होतं. म्हणूनच बागेतलं पोरांच्या खेळाचं सामान बदलायला पंचायतीनं समिती नेमली, तेव्हा आक्काला मुकाट्यानं आत घेतलं. बाहेर ठेवली असती तर तिचं मत नदीपलीकडे ऐकू गेलं असतं.

सामान म्हणजे तरी काय! लढाई संपून छावणी उठली, तेव्हा मागे राहिलेल्या लाकडांतून गावानं उभं केलेलं. घसरगुंडीवरून पोर निघायचं चड्डीसकट आणि पोचायचं चड्डीविना. झोक्याच्या आडव्या वाशात वाळवीची तिसरी पिढी सुखानं नांदत होती.

समितीचे अध्यक्ष आमचे शाळामास्तर. त्यांची योजना सरळ होती. आषाढात सगळं पाडायचं, दिवाळीनंतर लोखंडी नळ्यांचं नवं बसवायचं. आक्कानं विचारलं, "आन् पंचमीला पोरींनी झोका कशाला बांधायचा? तुमच्या मिशीला?"

त्या दिवशी तिच्या आवाजाला कारण होतं. कुरुळीला दिलेली तिची लेक सुमी नागपंचमीला पहिल्यांदाच माहेरी यायची होती. सासर कडक. पोर हसायची विसरलीय, असं कुणीतरी आक्काच्या कानावर घातलं होतं. त्यावर आक्काकडे एकच औषध होतं, झोका.

"जुना झोका पंचमीपातूर ऱ्हाईल," तिनं निकाल दिला.

"अहो आक्का, वासा कुजलाय."

"कुजलाय म्हणं! थांबा, बसून बघते."

बैलगाडी असो की जावयाकडचा पलंग, आक्का प्रत्येक वस्तू स्वतः बसूनच पारखायची. ती बसली. समिती मागे सरकली. पहिला झोका गेला, दुसऱ्याला वासा कडाडला आणि आक्का खाली आली. त्या दणक्यानं पवनेचं पाणी घटकाभर उलटं वाहिलं, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय.

मास्तर धावले. धुळीत बसल्या बसल्या आक्का त्यांच्यावरच ओरडली, "बघताय काय, मास्तर? वासा कुजलाय! आजच पाडा!"

"मग पंचमी?"

"म्हून तर म्हणते, नवा झोका आदी. घसरगुंडी मागनं. पोरं काय, चिंचंवर चढतील. पोरी पंचमीलाच येत्यात."

कारखान्यातल्या गणपत फिटरनं काम घेतलं. मास्तरांच्या नकाशात झोका बेताचा, बसून खेळणाऱ्या पोरांचा. आमच्याकडे पंचमीला बाया झोक्यावर बसत नाहीत. दोघी समोरासमोर उभ्या राहून रेटा देतात. घरोघरी बहिणी असूनही हे समितीतल्या एकाही बाप्याच्या ध्यानात आलं नव्हतं. आक्का गणपतपुढे हात वर करून उभी राहिली. "ह्याच्या वर आनी दोन हात घे. माज्या पोरीचं डोकं आपटलं तर तुला टांगीन."

"घेतो की. पण आक्का, वजन किती धरू?"

"मला धर. आन् माज्यासंगं आनी एक मी धर."

गणपतनं बिचाऱ्यानं हत्ती धरला असावा. पूल बांधायच्या जाडीच्या नळ्या आणल्या.

पंचमीला सुमी आली. हातावर मेंदी, मान खाली, विचाराल तेवढंच बोलणं. आक्कानं कासोटा आवळला, तिला फळीवर उभं केलं आणि समोर स्वतः चढली. समितीनं डोळे मिटले. पहिला रेटा आक्काचा, दुसराही आक्काचा. तिसऱ्याला सुमीनं गुडघे वाकवले आणि असा रेटा दिला, की दोघींना थेट कुरुळीची कौलं दिसली असतील.

"आये, धर की गं नीट! पडशील!" वरून सुमी ओरडली आणि खदाखदा हसत सुटली. ते हसू थांबेचना.

झोका मंदावल्यावर आक्का उतरली. तिथे दुसरी पोर चढली. आक्कानं पदरानं डोळे कोरडे केले, पदर खोचला आणि मास्तरांकडे वळली.

"हां. आता घसरगुंडीचं बोला."