विंगेतला माणूस

बाबा पुन्हा पडले तर? भाजी चिरताना, बसमध्ये, ऑफिसात, हा एकच किडा तिचं डोकं पोखरत असे. आई गेल्यानंतर ते बाथरूममध्ये घसरले होते आणि शेजारीण दार वाजवेपर्यंत तसेच पडून होते. ते दवाखान्यात असतानाच तिनं त्यांच्या बैठकीच्या खोलीत कॅमेरा बसवून घेतला. विचारलं तर नाहीच म्हणतील, म्हणून विचारलंच नाही. घरी आल्यावर बाबांनी वर पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "बसवलास? बरं."

बाबांचा उभा जन्म नाटक कंपनीत प्रॉम्प्टर म्हणून गेला. विंगेत अंग चोरून उभं राहायचं, नट अडखळला की पुढचा शब्द हळूच पुरवायचा. प्रेक्षकांना सावलीसुद्धा दिसता कामा नये. कंपनीत त्यांना भूतकाका म्हणत. आवाज येतो, माणूस दिसत नाही. आई म्हणायची, "घरात तरी दिसत जा हो." मग संध्याकाळी तिच्या खुर्चीशेजारी बसून ते सगळ्या पात्रांचे संवाद खणखणीत आवाजात म्हणायचे. ऐकायला ती एकटीच.

आता फोनवर रिकामी खोली दिसे. सकाळी बाबा समोर यायचे, गोळी तळहातावर धरून कॅमेऱ्याला दाखवायचे, गिळायचे आणि निघून जायचे. संध्याकाळी पुन्हा तेच. मधल्या वेळात कुठे असता, असं विचारलं की म्हणायचे, इथंच आहे की.

रविवारी ती लेकीला घेऊन गेली. कॅमेऱ्याच्या बरोबर खाली, कपाट आणि भिंतीच्या मधल्या बोळकांडीत आईची खुर्ची सरकवलेली होती. तिला खेटून एक डुगडुगणारं स्टूल, त्यावर गुडघे आवळून बाबा. रिकाम्या खुर्चीकडे बघत त्यांचे ओठ हलत होते. आवाज मात्र नव्हता. त्या डब्याला कानही असतात, हे त्यांना शेजारणीकडून कळलं होतं.

"बाबा, इथं अडचणीत कशाला बसता?"

"सवय आहे गं," ते ओशाळून म्हणाले. "इथं बसलो की दिसत नाही ना तुला?"

परतताना लेक आधी नेहमीसारखी टोचून बोलली, माझ्या खोलीत कॅमेरा कधी बसवतेस म्हणून. मग म्हणाली, "आई, त्या स्टुलावरून आजोबा पडले, तर तुला दिसणारसुद्धा नाहीत."

घरी आल्याआल्या तिनं फोन उघडला. तीच रिकामी खोली. आवाज वाढवून कान लावला, तर नुसती पंख्याची घरघर.

कॅमेरा बसवणाऱ्याचा नंबर काढला आणि ती थबकली. कॅमेरा काढून टाकला तरी बाबा पडण्याची भीती काही जाणार नव्हती. शेजारणीला रोज दोनदा दार वाजवायला सांगावं का? पण बाबांना ते चालेल? पुन्हा सगळं त्यांच्या माघारीच ठरत होतं. तिनं तो नंबर बाजूला ठेवला. आधी बाबांनाच फोन लावायचा आणि या वेळी विचारायचं.