कानावरचा चीक

आमच्या ह्यांना आंब्यातलं सगळं कळतं. देठाकडचा वास घेऊन फळ कधी पिकेल ते सांगतात, आणि सालीवर तिळाएवढा डाग दिसला तरी फळ पेटीबाहेर. स्वतःच्या डाव्या कानाच्या कडेला खपली धरली तेव्हा मात्र म्हणाले, "चीक उडलाय गो. जाईल."

रत्नागिरीच्या बागायतदारांचं हे असंच. तोंडाहातावर काहीही उठलं की तो आंब्याचा चीक. देठ मोडताना चीक उडतो, कातडी भाजते, काळी पडते आणि आठ-पंधरा दिवसांत बरी होते, हेही खरंच. म्हणून मीही कोकमाचं तेल लावत राहिले.

आंबे संपले. भातलावणी झाली. खपली पडायची, उशीच्या अभ्र्यावर रक्त दिसायचं आणि पुन्हा खपली धरायची, आधीपेक्षा जाड नि खरखरीत. गणपतीचं विसर्जन झालं तरी तेच. मी विचारलं, "अहो, हा चीक कुठल्या झाडाचा? बारमाही दिसतोय."

"तुझी आपली कटकट," म्हणाले.

मला मासळी निवडता येत नाही असं त्यांचं ठाम मत आहे. त्याचाच फायदा घेतला. बांगडे आणायला म्हणून रिक्षात बसवलं आणि रिक्षा थेट त्वचेच्या डॉक्टरांकडे नेली. हे बाहेर बाकावर बसून माझ्याकडे जे बघत होते, ते मी इथे लिहीत नाही.

डॉक्टरीणबाईंनी भिंगातून पाहिलं, तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आला: स्क्वॅमस सेल, कातडीचा कर्करोग. कातडीच्या वरच्या थरातल्या चपट्या पेशी बिघडतात, कान, खालचा ओठ, हाताची मागची बाजू, जिथे वर्षानुवर्षं ऊन लागतं तिथे बहुतेकदा, असं त्यांनी समजावलं.

"म्हणजे चिकाने नाही?" ह्यांचा आवाज पडला होता.

"उन्हाने, काका. टोपी घालत नाही का?"

ह्यांनी खिशातली पांढरी टोपी काढून दाखवली. ती फक्त टक्कल झाकते. कान जन्मभर कातळावरच्या उन्हात उघडेच.

लवकर कळलं तर आजूबाजूच्या चांगल्या कातडीसकट काढून टाकला की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो, नाहीतर तो मानेतल्या गाठींत उतरू शकतो, असंही बाई म्हणाल्या. त्यांनी मान चाचपली, गाठ काही लागली नाही. तरी मी इतकी घाबरले की परत येताना रिक्षावाल्याला घराचा रस्ता सांगता येईना.

कानाची कड कापली. कापलेल्या तुकड्याच्या कडा स्वच्छ आहेत, मागे काही उरलं नाही, असा रिपोर्ट आला. आता चष्मा तिरका बसतो आणि कोणी विचारलं की हे सांगतात, बागेत वानराने चावा घेतला. कान झाकणारी मोठी टोपी वापरतात. ती कल्पनाही म्हणे त्यांचीच.

अधूनमधून घरीच मान चाचपून बघा, असं बाईंनी सांगितलंय. हे ओटीवर माझ्यापुढे पाठ करून बसतात. कधीच माझं न ऐकणारा माणूस तेव्हा डोळे मिटून मान पुढे झुकवतो.

"आहे का गो काही?"

"काही नाही."

"नीट बघ. परत बघ."

मी परत बघते. मग न सांगता तिसऱ्यांदाही बघते, आणि ते त्यांना कळू नये म्हणून म्हणते, "मान किती मळलीय हो, साबण लावत जा जरा."