खपलीचा ब्रेड

मंगळवार पेठेतल्या आमच्या बेकरीत सकाळचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे सर. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, सडसडीत, पांढरा शर्ट नेहमी खोचलेला. सातच्या ठोक्याला यायचे, एक गरम ब्रेड घ्यायचे आणि तो निवेपर्यंत काउंटरपाशी उभे राहून माझ्या वडिलांशी बोलायचे. विषय काहीही असायचा, पंचगंगेच्या पाण्यापासून क्रिकेटपर्यंत. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. आबा शाळेत सातवीला गणितात नापास होऊन थेट भट्टीवर आले होते, आणि इतक्या वर्षांनी एक गणिताचा मास्तर रोज आपल्या दारात उभा राहतो याचं त्यांना मोठं अप्रूप होतं.

बेकरी आता मी बघते. नवऱ्याची कोल्हापूरला बदली झाली तेव्हा मी एका ऑफिसात हिशेबाचं काम करत होते. ते सोडून इथं आले आणि आबांनी किल्ल्या माझ्या हातात दिल्या. दिल्या म्हणजे देऊन ते शेजारीच बसले. भट्टीत काय गेलं, बाहेर काय आलं, कुणाच्या हातून खारी मोडली, सगळ्यावर त्यांची नजर.

तर गेल्या वर्षी एका सोमवारी सर आले नाहीत. मंगळवारीही नाहीत. आठवडा गेला. आबा आधी म्हणाले, "गावाला गेलं असतील." मग म्हणाले, "आजारी हायत का काय?" नवव्या दिवशी मीच सरांना पाहिलं. दुधाची पिशवी घेऊन ते आमच्या गल्लीच्या तोंडाशी आले, थबकले आणि वळून मागच्या बोळानं निघून गेले. मी आबांना सांगितलं आणि लगेच पस्तावले.

"म्हंजे? माझ्या दारावरनं जायाचं बी न्हाय?" आबांचा आवाज पलीकडच्या सायकलवाल्यापर्यंत गेला असणार. "मी काय वाकडं केलं त्यांचं?"

दुपारी मी सरांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नीनं दार उघडलं. त्यांनी सांगितलं ते असं: सरांची साखर वाढली होती, डॉक्टरांनी मैद्याचं सगळं बंद केलं होतं. "आणि बाहेर पडताना म्हणतात, बेकरीवरून गेलो तर मालक विचारणार ब्रेड का नको, आणि त्यांच्या तोंडावर मैदा वाईट असं कसं सांगू? म्हणून बोळातून जातात." आत खुर्चीत बसलेले सर वर्तमानपत्राच्या आडून सगळं ऐकत होते. वर्तमानपत्र मात्र खाली आलं नाही.

हे मी आबांना सांगितलं. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "मैदा नसंल तर ब्रेड हुतोय का गं?"

मी इकडं तिकडं वाचलेलं होतं. म्हटलं, खपली गहू म्हणून जुना गहू आहे, आपल्याच भागातला, त्याचा करून बघू. आबा खदाखदा हसले. "खपली मला सांगू नगंस. खपलीची खीर खाऊन वाढलोय मी. पर ब्रेड?" दुसऱ्या दिवशी स्वतः लक्ष्मीपुरीच्या धान्यबाजारात जाऊन दहा किलो खपली घेऊन आले, सालं काढलेली. गिरणीत दोनदा दळून आणली, बारीक चाळणीनं चाळली.

आमची भट्टी सकाळची कामं झाली की दुपारभर नुसती ऊब धरून असते. त्या वेळात आम्ही प्रयोग सुरू केला. आबांना वाटत होतं, पीठ ते पीठ. नेहमीसारखं यीस्ट घातलं, मशीनवर वीस मिनिटं मळलं, साच्यात टाकलं. मैद्याचं पीठ मळता मळता कसं गुळगुळीत होतं, ओढलं की रबरासारखं मागं येतं. हे पीठ आधी बरं होतं, मग चिकट झालं, आणि वीस मिनिटांनी डिंकासारखं बोटांना धरून बसलं. साच्यात थोडं चढलं आणि भट्टीत गेल्यावर बसलं. बाहेर आलं ते आबांनी फळीवर आपटून पाहिलं. टणक आवाज आला.

"मागच्या दाराला पायरी पायजेच हुती," आबा म्हणाले.

दुसऱ्या वेळी यीस्ट वाढवलं. ब्रेड आंबट झाला आणि मधोमध खड्डा पडला. तिसऱ्या वेळी त्यांना न विचारता मीच निम्मा मैदा घातला. छान फुगला, रंगही सुरेख. मी खूश होऊन म्हटलं, आबा, हाच देऊ या सरांना.

आबांनी एक तुकडा खाल्ला. त्यांना सांगावं लागलं नाही. "मैदा हाय ह्यात. निम्मा."

"निम्माच की. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय न्हवं! रंग चढवून, वर चार तीळ टाकून विकणारं लई हायत. ज्या मानसानं मला वाईट वाटू ने म्हणून बोळातनं जायाचं ठरवलं, त्येला मी फसवू व्हय?"

तो ब्रेड आम्ही घरीच संपवला. बेस झाला होता, हे मात्र खरं.

त्या रविवारी आबा म्हणाले, "गडहिंग्लजला जाऊ. अक्काला इचारू." अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, माझी आत्या. तिच्या सासरी अजूनही घरापुरती खपली पेरतात. सकाळच्या एसटीनं आम्ही निघालो. आबांच्या मांडीवर पिशवी, पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला पहिला ब्रेड. कशाला घेतला विचारलं तर म्हणाले, "डॉक्टरकडं जाताना रोगी घिऊन जावा लागतोय."

आत्या सोप्यावर शेंगा फोडत बसली होती. "काय रे तम्मा, वाट चुकलास?" म्हणाली. साठी उलटलेल्या माझ्या बापाला तम्मा, म्हणजे कानडीत धाकटा भाऊ, म्हणणारी आता ती एकटीच उरली आहे. तिनं ब्रेड हातात घेतला, दाबला, वास घेतला, मोडायचा प्रयत्न केला आणि शेवटी अडकित्ता मागितला. मग तुकडा दुधात बुडवून खाल्ला.

"चव झकास हाय. पीठ किती येळ मळलास?"

"वीस मिनिटं. मशीनवर."

आत्या पदर तोंडाला लावून हसत सुटली. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. "अरे, मैद्याला बडवतोस तसं खपलीला बडवलास व्हय? ती तुटती रे. पोळीचं पीठ भिजवून नुसतं झाकून ठेवते मी. पाणी एकदम पीत न्हाय ती, सावकाश पिती. येळ द्यायचा तिला. आनी तू मशीन लावलास!"

तिनं तिथंच परात काढली. पीठ घेतलं, पाणी शिंपडलं, बोटांनी नुसतं गोळा केलं आणि ओलं फडकं टाकलं. आबा शेजारी मांडी घालून बसले होते. पाच मिनिटं झाली नाहीत तोवर त्यांचा हात फडक्याखाली गेला. आत्यानं त्या हातावर सणसणीत चापट मारली. "म्हणूनच बिघडतंय तुझं. गप्प बसवत न्हाय तुला."

अर्ध्या तासानं तिनं फडकं काढलं. तोच गोळा आता मऊ आणि एकजीव झाला होता, कुणीही न मळता. आबांनी त्याला एकच बोट लावलं. आयुष्यभर रोज पीठ हाताळणारा माणूस असा बघत होता जणू पहिल्यांदाच बघतोय. मी हसणार होते, पण हसले नाही.

जेवायला हुग्गी होती, खपलीची गूळ घातलेली खीर. आत्या वाढता वाढता भावाला ओरडतच होती. येताना तिनं पायलीभर खपली बांधून दिली.

परतीच्या गाडीत आबा खिडकीशी बसले. बाहेर दोन्हीकडं ऊस. त्याकडं बघत ते म्हणाले, "एक इचारू का? चाळीस वरसं लोकांस्नी मैदा खायाला घातला मी. वाईट केलं का गं?"

मी म्हटलं, "आबा, पहाटे कामाला जाणाऱ्या कितीतरी जणांच्या पोटात सकाळी आपलाच ब्रेड असायचा. गरम आणि ताजं दुसरं काय मिळत होतं त्या वेळी?"

"ते हाय म्हणा," ते म्हणाले. त्यांचं पुरतं समाधान झालं असं मला वाटलं नाही. पण कागल येईपर्यंत त्यांना झोप लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही मशीनला हात लावला नाही. आबांनी परातीत हातानं पीठ कालवलं, झाकलं आणि स्वतः अंगणात जाऊन बसले, म्हणजे हात शिवशिवणार नाहीत. मग गोळा अलगद साच्यात ठेवला, एकदाच फुगू दिला आणि फार चढायच्या आत भट्टीत सरकवला. बाहेर आला तो मैद्याच्या ब्रेडच्या निम्म्या उंचीचा, तांबूस, वरून थोडा भेगाळलेला. निवल्यावर कापला. आत बारीक जाळी होती. वास भाजलेल्या गव्हाचा, थोडा गुळासारखा. आबांनी तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"चल," म्हणाले.

सरांच्या घराची पायरी आबा पहिल्यांदाच चढत होते. त्यासाठी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. सरांनी आम्हाला दारात पाहिलं आणि एकदम उठून उभे राहिले, एखाद्या विद्यार्थ्यासारखे.

"मालक, माझं चुकलं. मी यायला हवं होतं."

"ते ऱ्हाऊ द्या. हे खावा. मैदा कणभर न्हाय. तरीबी डॉक्टरांस्नी इचारल्याबिगर रोज खाऊ नगा."

सरांनी पहिला घास कोरडाच खाल्ला, दुसरा बिनसाखरेच्या चहात बुडवून. त्यांच्या पत्नीनं आबांना खूण केली, थांबा, ते विचार करताहेत.

"ब्रेड म्हणून चाळीस गुण," सर म्हणाले. "उंची कमी, कड जाड. पण पदार्थ म्हणून ऐंशी. असा गहू मी लहानपणी खाल्ला होता, पुन्हा मिळेल असं वाटलं नव्हतं."

आबा गोंधळले. "म्हंजे पास का नापास?"

"पास हो मालक! दोन्ही विषयांत पास."

आबा इतके मोठ्यानं हसले की सरांच्या पत्नी आमच्या चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबल्या. डॉक्टरांनी सरांना सकाळी दोन काप खायला परवानगी दिली, साखर तपासत राहायच्या अटीवर. पुढच्या सोमवारी सात वाजता सर काउंटरशी हजर होते आणि आठपर्यंत हलले नाहीत.

आता मंगळवारी आणि शनिवारी आम्ही खपलीचा ब्रेड करतो. सगळ्यांना तो आवडतो असं नाही. कोपऱ्यावरच्या मिसळवाल्यानं एकदा दोन ब्रेड नेऊन पाहिले आणि संध्याकाळी तोंडावर सांगितलं, "पावणं, तुमचा ह्यो ब्रेड कट पीत न्हाय. मिसळीला पांढराच पायजे." आबांनी ते मान्य केलं. मिसळीला पांढरा, हे ते स्वतःही मानतात. पांढरा ब्रेड, खारी, टोस्ट सगळं चालूच आहे. पण शनिवारी खपलीचे साचे दुपारपर्यंत रिकामे होतात, आणि पन्हाळ्याहून एक बाई खास त्यासाठी येतात.

दिवाळीच्या आधी लोक ज्वारीच्या बिस्किटांबद्दल विचारू लागले. आबांना आता वाटायला लागलं होतं की जुन्या धान्यांचं आपल्याला सगळं कळतं. ज्वारीचं पीठ त्यांनी खपलीसारखंच कालवलं, झाकलं, गप्प बसले. बिस्किटं ट्रेमधून उचलतानाच भुगा झाली. दुसऱ्यांदाही भुगा. तिसऱ्यांदा ते ट्रे घेऊन स्वयंपाकघरात आले. तिथं आई रात्रीच्या भाकरीची तयारी करत होती. चाळीस वर्षांत आईनं कधी भट्टीत पाऊल टाकलं नव्हतं. आबा टाकू देत नसत, आणि तिलाही भट्टीच्या धगीत जायची हौस नव्हती.

तिनं भुग्यात बोट फिरवलं. "गार पाण्यात कालवलंत का?"

"मग कशात कालवायचं?"

"अहो, मी रोज भाकरीला काय करते ते बघितलंत तरी का कधी? ज्वारीला आधण लागतं. थोड्या पिठाची उकड काढायची, मग त्यात बाकीचं. तेव्हा धरतं ते."

आबांनी माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीकडं पाहिलं.

आईनं पाणी उकळत ठेवलं, परात पुढं ओढली आणि पदर खोचला. आबा उत्साहानं बाही सरसावून जवळ सरकले.

"पाण्याला उकळी येऊ द्या," आई म्हणाली, "तोवर तुम्ही हात धुऊन या."

आणि आबा निमूटपणे मोरीकडं गेले.