स्टारपुढचं अक्षर

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट कळत नाही. सांगायला बसलो आणि दोनदा उठलो. चहा करून आलो, तो तसाच निवून गेला.

मी अमरावतीचा, नोकरी अकोल्यात. संत्रा बागायतदारांना मोबाइलवर फवारणीचा सल्ला पाठवणाऱ्या एका छोट्या कंपनीत डेटाचं काम करायचो. कॉम्प्युटरमध्ये दोन टेबलं — एकात प्रत्येक बागेचा कोड, दुसऱ्यात कुठल्या कोडला कुठला मेसेज. दोन्हींची थेट जोड नव्हती. म्हणून जुळणी मी लिहिली होती: गावाची अक्षरं, पुढे स्टार, शेवटी एक अक्षर. स्टार म्हणजे तिथे काहीही चालेल. शेवटचं अक्षर मात्र नेमकं हवं — एम म्हणजे मोठी झाडं, के म्हणजे नवी कलमं. औषधाचं प्रमाण त्यावरच ठरायचं.

गावोगाव फिरून हे कोड भरायची वनिता. शेंदूरजनाघाटची मुलगी, मला दादा म्हणायची. एका दुपारी तिच्याच गावच्या काही बागा जुळेनात. तिने फोनवर सांगितलं, "दादा, त्याईचं शेवटचं अक्षर राह्यलं. उद्या बागा पाहून भरतो. तोवर मेसेज नका सोडू."

थांबलो असतो तर काय बिघडलं असतं? पण मला अमरावतीची गाडी पकडायची होती — मित्राचा साखरपुडा होता. मोठ्या झाडांच्या मेसेजपुढची जुळणी उघडली आणि स्टारपुढचा एम खोडला. सगळ्या बागा जुळल्या. सगळ्या — कलमांच्याही. ते मला दिसलं नाही? नाही... आता इथे तरी खरं बोलतो. दिसलं होतं. मेसेज सोडला आणि बॅग उचलली.

कलमांवर मोठ्या झाडांच्या प्रमाणातलं औषध पडलं. कोवळी पानं करपली, पुष्कळ कलमं वाळली. वनिताच्या वडिलांचीही. आधी ते भाजीपाला करायचे, संत्र्याची ती पहिलीच लावण. पोरीच्या ऑफिसातून मेसेज आलाय म्हटल्यावर त्यांनी कोणाला विचारलंसुद्धा नाही.

साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. त्याआधीच मी एम परत जागेवर घातला होता. "कोड भरण्यात घोळ झालाय," साहेब म्हणाले.

वनिता म्हणाली, "काही कोड अर्धे होते, सर. पण मी दादाले सांगतलं होतं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी — मी म्हटलं, "मला तसं आठवत नाही."

तिला कामावरून काढलं.

इथवर एक वेळ भित्रेपणा म्हणाल. पण पुढचं? काही महिन्यांनी तिचा फोन आला. भांडायला केला असेल म्हणून मी आधी उचललाच नाही. परत वाजला, तेव्हा घेतला.

ती भांडली नाही. "दादा, बाबा माह्याशी बोलून नाही राह्यले. मी सारं आठवून पाह्यलं, मले काही समजतच नाही. तुमी तर टेबलं पाह्यली — माहीच चूक होती का?"

म्हणजे माझ्यावर तिचा अजूनही विश्वास होता. नाहीतर मला कशाला विचारलं असतं?

मी म्हटलं, "हो."

ती म्हणाली, "बरं. बाबाले तसं सांगतो. माफी मागतो त्याईची."

तिने मागितलीच असणार. मी तिला परत फोन केला नाही.