व्हिडिओ खरा होता

फोटो स्टुडिओत ती लग्नाचे फोटो सुधारायची. कुणाची ढेरी आत ढकलायची, कुणाचे मिटलेले डोळे उघडायचे, न आलेल्या मामाला मागच्या रांगेत उभं करायचं. त्यामुळे बनावट फोटो तिला बघताक्षणी ओळखू यायचा. मित्रमैत्रिणींनी तिचं नावच 'पारखी' पाडलं होतं. मोबाइलवर काही आलं की आधी तिला विचारायचे, खरंय का गं?

एका दुपारी ग्रुपवर व्हिडिओ आला. तिच्याच इमारतीत तळमजल्यावर पाळणाघर चालवणाऱ्या काकू एका चिमुरड्याला उपडं धरून पाठीत धपाधप मारत होत्या. पारखीने सावल्या पाहिल्या, आवाज तपासला, कुठे जोड दिसतो का ते बघितलं आणि लिहिलं, 'खरा आहे. छेडछाड नाही.' तेवढ्यावर व्हिडिओ सगळीकडे पोचला. संध्याकाळी आईबाप आले आणि सामानासकट आपापली मुलं घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी त्या चिमुरड्याची आई स्टुडिओत येऊन उभी राहिली. पोराच्या घशात शेंगदाणा अडकला होता, काकूंनी पाठीत धपाटे घातले म्हणून तो वाचला, असं डॉक्टरांनीच सांगितल्याचं ती म्हणाली. कुणीतरी खिडकीतून चित्रण करून नेमका तेवढाच तुकडा पाठवला होता.

पारखीने व्हिडिओ पुन्हा लावला. तोंड उघडं होतं, पण मार खाणारं पोर रडत नव्हतं. आवाज तपासताना हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

स्टुडिओतून ती तडक तळमजल्यावरच्या पाळणाघरात गेली. काकू लहान लहान चादरींच्या घड्या घालत होत्या. तिने सगळं सांगून माफी मागितली. काकूंनी मान वर केली नाही.

"वरच राहता तुम्ही. जिना उतरून विचारलं असतंत, तर सांगितलं असतं."

कालपर्यंत त्या तिला 'अगं पोरी' म्हणायच्या.

तिने ग्रुपवर खरी हकीकत लिहिली. ती फारशी कुणी वाचली नाही. मग ती घरोघरी गेली. एका बापाने दारातच विचारलं, "मग तेव्हा खरा आहे असं का लिहिलंस?" व्हिडिओ खराच होता, हे उत्तर तिच्या ओठांवर आलं, पण ते द्यायची तिलाच लाज वाटली.

दोन-तीन मुलं परत आली. बाकीच्यांची दुसरीकडे सोय झाली होती. काकूंनी पाळणाघराची आतली खोली बंद केली. आता जिन्यात गाठ पडली की त्या बाजूला होऊन वाट देतात, आणि पारखी खाली मान घालून वर जाते.